उघड्या कानांनी

कानाच्या दवाखान्यात माझ्यासमोर एक म्हातारे गॅरेजवाले आणि त्यांची मुलगी नंबर यायची वाट बघत होते. मुलगी त्यांच्या उजव्या कानाशी वाकून बोलत होती.

"बाबा, गाड्यांच्या त्या मोठ्या ड्रॅग रेसची तिकिटं काढली. दोन."

"एकदाची काढलीस! पहिल्या रांगेतली ना?"

"शेवटच्या. आणि कानात बोळे घालायचे."

"मग घरी टीव्हीच बघतो की! अगं, चाळीस वर्षं इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून, त्याची मूठ कानाशी धरून बिघाड ओळखले. एवढं मोठं इंजिन एकदा उघड्या कानांनी ऐकू दे."

"डावा कान गेलाच आहे. डॉक्टर म्हणाले, तसल्या आवाजाने उजवाही जाईल."

"चार सेकंदांची तर शर्यत."

"कान जायला तेवढी पुरतात."

"गेला तर गेला. आता कुठलं गिऱ्हाईक येतंय माझ्याशी बोलायला?"

"मी येते ना, बाबा. रोज."

म्हाताऱ्यांनी हातातल्या नंबराच्या चिठ्ठीची घडी घातली.

"बोळे घालतो. पण माझा स्क्रूड्रायव्हर बरोबर घे."

"तिथे कशाला?"

"कठड्याला टेकवून धरीन. इंजिनाची थरथर हाताला तरी कळेल."