झोप लागते का?

वाशीमच्या बसस्टँडवर इंझोरीची गाडी अजून लागली नव्हती. माझ्या शेजारच्या बाकावर दवाखान्यातून आलेले जानराव आणि त्यांची बायको भागिरथा बसले होते.

“दवाखान्यात फारम भरून घेनाऱ्या त्या पोरीनं इचारलं, डॉक्टरनं खरं सांगितल्यापासून झोप लागते का. तुमी ‘लागते’ म्हनले. खोटं कायले बोल्ले?”

“ते अभ्यास करून राह्यले. खरं सांगितल्यानं पेशंटले तरास होते का, हे पाहून राह्यले. मी ‘होते’ म्हनलो, तं उद्या कोनालेच सांगनार नाईत.”

“पन तुमी तं रातभर तळमळता.”

“तळमळतो. पन कॅन्सर कुठलोक पसरला, हे त्या एकट्या डॉक्टरनंच सांगितलं मले. तुमी सारे म्हनता, बरं होईन.”

“तवा मले बाहेर बसवलं होतं. किती दिवस म्हनला डॉक्टर?”

“गाडी आली वाटते. उठ.”

“ते रिसोडची हाय. सांगा.”

“भागिरथा...”

“सांगा म्हनते ना!”

“दिवाळी होईन म्हनला. होळीचा भरोसा नाई.”

भागिरथाने मांडीवरची दवाखान्याची पिशवी जवळ ओढून घेतली.

“पाह्य, आता तुलेई झोप येनार नाई. म्हनून सांगत नव्हतो.”

“नाई आली तं नाई. एकटेच कायले जागता? मले उठवत जा.”