डावीकडची भिंत

हॅलो? … हो वहिनी, बोल. … दादाने डोळे उघडले? खरंच? … आणि हात? … दोन्ही भाजलेत? बोटंसुद्धा? …

रडू नकोस गं. … ऑफिसातच आहे. जिन्यात येऊन बोलतेय.

काय म्हणाला दादाचा तो मॅनेजर? … दादाने बॅटरीच्या कपाटाचं दार उघडं टाकलं म्हणून आग लागली? … वॉर्डात येऊन, तोंडावर? जनाची नाही, मनाची तरी!

हो, हो… कपाट आमच्याच कंपनीचं डिझाइन. … हो, चौकशीचा रिपोर्टही इथूनच जातो. … अगं ऐक ना. दादाची चूक नाही, हे सिद्ध झालंय. मी केलंय. … आशीर्वाद नको देऊस वहिनी, आधी ऐक.

कपाट बनवायच्या आधी आम्ही ते कॉम्प्युटरवर तापवून बघतो. उष्णता कुठे साठते, कुठून निघून जाते… हो, तेच ते लाल-निळं चित्र. तर अख्खं कपाट घातलं की मशीन दोन दिवस घेतं. म्हणून मधोमध कापून अर्धंच घालायचं, उरलेलं अर्धं आरशातल्यासारखं तसंच धरायचं. … सगळेच करतात गं. दोन्ही बाजू सारख्या असल्या की चालतं.

पण कपाट बसवलं कोपऱ्यात. डावीकडची हवेची जाळी भिंतीला चिकटली. हवा जाणार कुठून? … खोलीचा नकाशा मेलवर आला होता. उघडलाच नाही.

आग लागली त्याच दिवशी भिंतीसकट अख्खं कपाट कॉम्प्युटरवर तापवायला लावलं. आज उत्तर आलं. आधी अडतीस डिग्री दाखवत होतं, तिथे एक्क्याऐंशी. दाराचा काडीचा संबंध नाही.

कोणी म्हणजे? … मी. … हो वहिनी. ते अर्धं मीच कापलं होतं.

आणि… दादाने मला फोन केला होता. मार्चमध्ये. कपाटाच्या डावीकडच्या पत्र्यावर हात ठेववत नाही म्हणाला. मी हसले गं. म्हटलं, दादा, तुझ्या हातापेक्षा माझं सॉफ्टवेअर हुशार आहे.

… वहिनी?

… दादा? तू बोलू नकोस रे, घसा दुखेल. … काय? … नाही. … नाही म्हणते ना! तू दार उघडं ठेवलंस असं लिहू? … जाऊ दे नोकरी. … अरे, तुला चमचा धरता येत नाहीये आणि तू माझ्या नोकरीचं काय घेऊन बसलायस!

पाठवला रिपोर्ट. वहिनीचा फोन यायच्या आधीच. खाली माझी सही आहे. … रागव ना रे. एकदा तरी रागव.

फोन कोणी धरलाय तुझ्या कानाशी? … तिला बोलू दे.

वहिनी, बोल ना काहीतरी. शिव्या दे. … संध्याकाळी येते मी. भरवायचं, पुसायचं, तू एकटी किती…

… बरं.

… बरं वहिनी. नाही येत.