कालिंदीबाईंचा आवाज आणि तीन संथ गाणी

आजच्या या सभेच्या अध्यक्ष, आमच्या मुख्याध्यापिका आदरणीय वर्षाराणी मॅडम. संस्थेचे सचिव, कसबा बावड्यातल्या प्रत्येक कार्यक्रमाला वेळेवर हजर राहणारे माननीय हंबीरराव दादा. ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या कालिंदी सरनाईक बाई. त्यांचे धाकटे बंधू, संगीतकार गुरुप्रसाद. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या मातोश्री बाळाबाई. सर्व सहकारी, पालक, आणि मघापासून शहाण्यासारखी बसलेली माझी मुलं-मुली, सर्वांना माझा नमस्कार.

निरोपाच्या भाषणाचा एक रिवाज असतो. माणसाचे गुण सांगायचे, दोन गमतीच्या आठवणी सांगायच्या, पुढचं आयुष्य सुखासमाधानात जावो म्हणायचं आणि खाली बसायचं. या व्यासपीठावरून मी अशी भाषणं पुष्कळ केली आहेत. पण परवा बाईंनी मला स्टाफरूममध्ये गाठलं आणि बजावलं, “सर, माझ्याबद्दल झाकून काही बोलू नका. मुलांनासुद्धा खरं कळू दे.” तेव्हा आज मी फक्त जे घडलं ते सांगणार आहे. अध्यक्षांनी तेवढी मोकळीक द्यावी.

पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. मी विजयसिंह, या शाळेत मराठी शिकवतो आणि शिवाजी पेठेत सरनाईकांच्या समोरच्या घरात राहतो. बाई गणित शिकवतात. म्हणजे बाई आणि मी शाळेतही समोरासमोर आणि घरीही समोरासमोर. गुरुप्रसाद माझा विद्यार्थी. वर्गात हा बाकावर बोटं आपटत बसायचा आणि मी त्याला उभा करायचो. पुढे त्यानं घराच्या माळ्यावरच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आणि तेच आपटणं जगाला ऐकवायला सुरुवात केली. त्या संगीताला ट्रान्स म्हणतात. वेग असा की ऐकणाऱ्याचं काळीज त्याच्यामागं धावायला लागतं. मला त्यातलं काय कळतं? पण त्याला गाण्यात चार ओळी मराठी हव्या होत्या, त्या मी लिहून दिल्या. आणि गाण्यासाठी त्याला आवाज हवा होता, तो घरातच होता. त्यानं आपल्या आक्काला माईकसमोर उभं केलं.

अशी तीन गाणी झाली. पहिलं करोनाच्या आधी, दुसरं लॉकडाऊन उठल्यावर आणि तिसरं दोन वर्षांपूर्वी. रंकाळ्यावर मोटारसायकली लावून पोरं ती वाजवायची. मिरवणुकीत वाजली, जिममध्ये वाजली. गंमत अशी की आपल्याच सातवीतली मुलं ती मोबाइलवर ऐकायची, आणि त्यात गाणारी बाई उद्या आपल्याला अपूर्णांकांसाठी ओरडणार आहे याचा त्यांना पत्ता नसायचा. कारण गुरुप्रसादनं तो आवाज इतका पळवला होता, इतका वर चढवला होता की खुद्द बाळाबाईंना पोटची पोर ओळखू येऊ नये.

गेल्या दिवाळीनंतर गुरुप्रसादच्या मनात आलं की हीच गाणी पुन्हा करावीत, पण संथ. मी विचारलं, “आता का रे?” तो म्हणाला, “सर, पळवून पळवून या गाण्यांचं तोंडच कधी बघितलं नाही मी.” हे उत्तर मला आवडलं. माझ्या वयाच्या माणसाला संथ म्हटलं की बरंच वाटतं.

एका रविवारी दुपारी त्यानं मला माळ्यावर बोलावलं. मला वाटलं, शब्दांत काही बदल हवा असेल. त्यानं हेडफोन माझ्या कानावर चढवले आणि तिसरं गाणं लावलं. धडधड नाही, काही नाही. नुसता बाईंचा आवाज, ताणून लांब केलेला. माझ्या ओळीत ‘उगव ना’ असे शब्द आहेत, तिथं स्वर वर चढतो. त्या जागी स्वराच्या कडेला काहीतरी थरथरत होतं. वाळकं पान पत्र्यावर घासत जावं तसं. मी म्हटलं, “यंत्रात काहीतरी बिघाड दिसतोय.” तो म्हणाला, “मलापण तसंच वाटलं, सर.” त्यानं हेडफोन बदलून बघितले होते, वायरी बदलल्या होत्या, सॉफ्टवेअर दुसरं टाकून बघितलं होतं. शेवटी त्या दिवशीचं मूळ रेकॉर्डिंग काढलं, ज्याला त्यानं हातही लावला नव्हता. थरथर त्यातच होती. गाणं पळत होतं तोवर ती कुणाला दिसली नव्हती.

मग त्यानं मला दुसरं गाणं ऐकवलं. तिथंही होती, पण अगदी बारीक. सांगितल्याशिवाय कळू नये इतकी. आणि मग पहिलं. पहिल्यात काहीच नव्हतं. स्वच्छ, धुतलेल्या काचेसारखा आवाज. खाली स्वयंपाकघरात बाई आईला जेवायला वाढत होत्या, भांड्यांचा आवाज येत होता. बाईंचा येत नव्हता.

मंडळी, तेव्हा मला शाळेतल्या एकेक गोष्टी आठवू लागल्या. बाईंनी प्रार्थना सांगायचं सोडलं होतं. घसा बसलाय म्हणायच्या. तास घेताना फळ्यावरच जास्त लिहायच्या. हळूहळू त्या वर्गात कुजबुजल्यासारख्या बोलायला लागल्या, आणि मुलं अशी गुणी, की तीही कुजबुजून उत्तरं द्यायला लागली. तपासणीला आलेल्या साहेबांनी सातवी ब च्या दारात उभं राहून कौतुक केलं होतं, की इतका शांत वर्ग तालुक्यात बघितला नाही. आम्ही सगळे त्या दिवशी किती खूश होतो! शिक्षकाचा घसा बसतो, त्यात काय नवल? आपण ज्येष्ठमध देतो, हळदीचं दूध प्या म्हणतो, आणि आपल्या तासाला जातो.

गुरुप्रसादनं बहिणीला सांगितलं की ओळी नव्यानं गायच्या आहेत. बाई पुढं ढकलत राहिल्या. सहामाहीचे पेपर आहेत, पाहुणे येणार आहेत, हवा बरी नाही. एका संध्याकाळी बऱ्याच आग्रहानं उभ्या राहिल्या. मी तिथं होतो. त्यांनी सुरुवात केली, ‘उगव’ पर्यंत आल्या, आणि थांबल्या. पाणी प्यायल्या. पुन्हा तिथंच थांबल्या. गुरुप्रसादनं तिन्ही रेकॉर्डिंग एकामागून एक लावली, पहिलं, दुसरं, तिसरं, आणि बहिणीकडं बघत बसला.

तिसरं संपल्यावर बाई म्हणाल्या, “हे गाताना मला कळत होतं.”

“मग बोलली का न्हाईस, आक्का?”

“बोलले असते तर ते खरं झालं असतं.”

दुसऱ्या दिवशी तो त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. त्यांनी दुर्बिणीनं बघितलं, आणि बघता बघता त्यांचं बोलणं कमी झालं असं गुरुप्रसाद सांगतो. बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल आला तो कॅन्सरचा. स्वरयंत्रावर, आणि आता तो स्वरयंत्राच्या बाहेर सरकू लागलेला. मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनीही तेच सांगितलं: नुसत्या किरणांनी भागणार नाही, स्वरयंत्र काढावं लागेल. त्यानंतर श्वास गळ्याला केलेल्या छिद्रातून. पुढं बारीक झडप बसवून काहींना बोलता येतं, काहींना नाही. आत्ताच शब्द देता येत नाही.

गुरुप्रसादनं डॉक्टरांना विचारलं, माझ्या गाण्यांनी झालं का हे? ते नाही म्हणाले. त्यानं दोनदा विचारलं, ते दोनदा नाही म्हणाले. तरी त्याचं समाधान झालेलं मला दिसत नाही. गुरुप्रसाद, आज सगळ्यांसमोर मी तिसऱ्यांदा सांगतो. नाही.

आणि बाईंनी काय केलं? त्यांनी ऑपरेशनला नकार दिला. आरडाओरडा नाही, रडणं नाही. शांतपणे, एखादं गणित चुकीचं मांडलंय म्हणावं तसं. मला म्हणाल्या, “सर, मी बोलूनच जगले. हे गेल्यावर जे उरेल ते कोण असेल, मला माहीत नाही.” मी मराठीचा शिक्षक. खडू उचलून माझ्या तासाला गेलो.

ते आठवडे फार वाईट गेले. बाई रोज शाळेत यायच्या. जिना चढताना त्यांच्या श्वासातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. सुरुवातीला वरच्या पायरीवर यायचा, मग मधल्या, मग खालच्याच. स्टाफरूममध्ये आम्हाला तो ऐकू यायचा, आणि आम्ही वह्या तपासत असल्यासारखं करायचो. वर्षाराणी मॅडमनी त्यांना खालच्या मजल्यावरचा वर्ग दिला, कारण न सांगता. गुरुप्रसादनं काम बंद ठेवलं होतं. तिसऱ्या गाण्यातली थरथर यंत्रानं पुसता येते. तो ती पुसायला बसला तर बाईंनी त्याचा हात धरला. “ते राहू दे. तोपण माझाच आवाज हाय.” घरात त्यांची भाषा पेठेची होते.

आता बाळाबाईंबद्दल. मुलांनी आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. वयाचा विचार केला असेल. पण आईपासून काय लपतं? एका सकाळी मी पेपर द्यायला त्यांच्याकडं गेलो होतो. बाळाबाईंनी भाजी निवडता निवडता विचारलं, “कालिंदी, नरड्याला काय झालंय ते सांग.” बाईंनी सांगितलं. ऑपरेशनचं सांगितलं, नकाराचंही सांगितलं. आवाज जाणार म्हणून नको, असं म्हणाल्या.

बाळाबाईंनी भाजीची परात बाजूला केली. त्या जे बोलल्या ते मी त्यांच्याच शब्दांत सांगतो, त्यांनी रागावू नये. “अगं, करोनाच्या आधीपासनं मला ऐकू येत न्हाई. डाव्या कानानं न्हाई आणि उजव्यानं बी न्हाई. तुमाला तरास नको म्हणून बोलली न्हाई. तुझं बोलणं मी तोंडाकडं बघून वळखती. तुझा आवाज कसा हाय त्योच मी इसरली. आवाजाबिगर तू माझ्याशी रोज बोलतीस की. काय कमी पडलं मला?”

मी पेपर तिथंच ठेवून बाहेर आलो. बाई आईसमोर बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. काय बोलत होत्या ते मला ऐकू आलं नाही. बाळाबाई मान डोलवत होत्या.

त्याच दुपारी बाईंनी डॉक्टरांना फोन करून ऑपरेशनला होकार कळवला. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. गुरुप्रसादला गाणी पूर्ण करायला लावली. मागच्या आठवड्यात ती आली आहेत. मी पहिलं ऐकलं, दुसरं ऐकलं. तिसरं अजून पूर्ण ऐकू शकलेलो नाही. परवा सकाळी बाई दवाखान्यात दाखल होतील. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की उशीर झाला आहे. किती, ते उघडल्यावरच कळेल. सगळं ठीक होईल असं मला इथून म्हणता आलं असतं तर फार बरं वाटलं असतं. मला माहीत नाही, आणि बाईंना खोटं चालत नाही.

संस्थेनं हा समारंभ ठरवला, मुलांनी हॉल सजवला, पालक कामं टाकून आले, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. घरातलं बोलणं चव्हाट्यावर आणल्याबद्दल बाळाबाईंची माफी मागतो. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर आपलं माणूस म्हणून पोटात घाला.

शेवटचं एक. बाई भाषण करणार नाहीत. त्यांना सातवी ब ची हजेरी घ्यायची आहे, एवढंच त्यांनी मागितलंय. कृपा करून पंखे बंद करा. टाळ्या वाजवू नका. मुलांनो, नाव आलं की उभं राहायचं आणि ‘हजर’ म्हणायचं. रडायचं ते नंतर.

या, बाई. माईक इथं आहे.