टर्बो निवेपर्यंत

जबाब

नाव : मनस्वी लवू डोर्लेकर. वय : २४ वर्षे. शिक्षण : बी.ई. (मेकॅनिकल). व्यवसाय : खासगी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक विषयाची निदेशिका, तासिका तत्त्वावर. राहणार : पूर्णगड, ता. जि. रत्नागिरी.

मी पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी वडील लवू, आई तुळसा व आजी येसूबाई यांच्यासह राहते. वडील पूर्णगड ते रत्नागिरी प्रवासी गाडी चालवतात. घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिलीच. याचा प्रकरणाशी संबंध नाही, असे हवालदार संदेश रेवाळे यांचे म्हणणे पडले. संबंध आहे, तो पुढे येईल.

वडिलांकडे पूर्वी जुनी जीप होती. तिला टर्बो नव्हता. जेवढी हवा स्वतः ओढील तेवढ्यावर ती चालायची, आणि भाट्याचा पूल ओलांडून चढ लागला की दुसऱ्या गिअरमध्ये काळा धूर सोडत रांगायची. गाडी थांबली रे थांबली की वडील इंजिन बंद करत. तेवढेच डिझेल वाचते. गेल्या वर्षी माझ्या सल्ल्याने त्यांनी टर्बोची सेकंडहॅण्ड गाडी घेतली. टर्बोमध्ये इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो व तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. चढ चढून आल्याबरोबर इंजिन बंद केले तर तेल फिरायचे थांबते, दांडा मात्र तापलेलाच असतो, आणि आतले तेल तव्यावर करपावे तसे करपते.

येथे हवालदारांनी, "ताई, हा जबाब आहे, तुमचा तास नाही," असे सांगितले. ठाण्याच्या गाडीला टर्बो आहे का, असे मी विचारले. त्यांनी ड्रायव्हरला विचारले. आहे, असे समजले. ती थांबल्यावर लगेच बंद करता का, असे मी विचारले असता ड्रायव्हर बाहेर गेला. वरील परिच्छेद राहू द्यावा असे ठरले.

या कारणाने मी नियम केला की, गाडी थांबल्यावर इंजिन एक मिनिट चालू ठेवावे. डॅशबोर्डवर तशी पट्टी लावली : 'इंजिन लगेच बंद करू नये. टर्बोला निवू द्यावे.' आमच्या घरात कोणी शिकून काही सांगण्याची ही पहिलीच वेळ असल्याने वडिलांनी नियम फार मनावर घेतला. त्या मिनिटात ते प्रवाशांनाही उतरू देत नाहीत. तसे मी सांगितले नव्हते. गावात या मिनिटाला 'श्रद्धांजली' म्हणतात. काही प्रवासी मुद्दाम मान खाली घालून बसतात.

चोरीच्या संशयावरून बाहेर बाकावर बसवून ठेवलेला सर्वेश आडिवरेकर, वय २६, हा आमच्याच वाडीतला असून मी त्याला बालवाडीपासून ओळखते. तो जहाजावर इंजिन विभागात ज्युनियर इंजिनिअर आहे. सुट्टी संपवून तो उद्या मुंबईला जाणार व परवा जहाजावर रुजू होणार आहे. गुन्हा दाखल झाल्यास त्याचे जहाज चुकेल, एवढ्याचसाठी मी जबाब देत आहे. अन्य कारण नाही. शेवटचे वाक्य माझ्या आग्रहावरून घेतले आहे.

आज सकाळी वडील, आई व आजी बाजारासाठी रत्नागिरीत आले होते. आई कापडाच्या दुकानात गेली. वडिलांनी दुकानासमोर गाडी उभी केली, नियमाप्रमाणे इंजिन चालू ठेवले आणि आईला बोलावण्यास गेले. त्यांचा मोबाइल गाडीत चार्जिंगला होता. दुकानात त्यांना ओळखीचे गृहस्थ भेटले. मिनिट लांबले. बाहेर येऊन पाहतात तो गाडी नाही. आजी आईबरोबर आहे असे वडिलांना वाटले होते व वडिलांबरोबर आहे असे आईला. चोरीची तक्रार देऊन झाल्यावर आजीही नसल्याचे दोघांच्या लक्षात आले.

आजी मागच्या सीटवर झोपली होती. पुढील हकीकत तिने मला सांगितली. सर्वेश जहाजावर न्यायला कोकम घेण्यासाठी बाजारात आला होता. आमची गाडी चालू आणि आत ड्रायव्हर नाही हे पाहून त्याने बंद करण्यासाठी चावीला हात लावला. आजी जागी झाली.

"अरे मेल्या, बंद काय करतोस? मनूनं सांगितलंन आहे ना, निवू दे त्याला!"

"आजी, किती वेळ?"

"निवेपर्यंत!"

सर्वेश आत बसून राहिला. तेवढ्यात वाहतूक पोलिसाने शिट्टी मारून गाडी पुढे घेण्यास सांगितले. त्याने पुढे घेतली. पुढे थांबल्यावर आजीचे म्हणणे पडले की, गाडी चालली म्हणजे टर्बो पुन्हा तापला, आता पुन्हा मिनिट. मिनिट पुरे होण्याआधी पुन्हा शिट्टी. बाजारात कोठेही एक मिनिट उभे राहता न आल्याने तो हळूहळू भाट्याच्या पुलापलीकडे गेला. तेथे आजी म्हणाली, "एवढा आलास तर घरीच सोड मला. लवू येईल मागनं."

वाटेत नाक्यावर पोलिसांनी गाडी अडवून इंजिन बंद करण्यास फर्मावले. सर्वेशने चावीला हात घातला. मागून आजी म्हणाली, "थांब हां भाऊ, एक मिनिट." सर्वेशने हात काढून घेतला. चालक आदेश न जुमानता पळून जाण्याच्या तयारीत होता असे जे म्हटले आहे, ते मिनिट हेच. पोलिसांचे चुकले असे माझे म्हणणे नाही. समोर गाडी अडवलेली असताना बाहेरून दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात.

तुम्हाला पळवून नेले का, असे आजीला विचारले असता तिने, "पळवून कसलं? लग्न झाल्यापासून मला कुणी एवढं फिरवलंन नव्हतं," असे उत्तर दिले आहे.

सर्वेशने आमच्या घरच्यांना फोन का केला नाही, असे हवालदारांनी विचारले. त्याने मला केला होता. माझ्या मोबाइलवर त्याचा नंबर ब्लॉक होता. कारण विचारल्यावरून सांगते की, मागच्या आठवड्यात आमच्याच गाडीत, श्रद्धांजली चालू असताना, तो मला म्हणाला, "मनू, तुझा हिशोब जुन्या टर्बोचा आहे. नव्यात पाणी खेळवतात. इंजिन बंद झालं तरी पाणी उष्णता ओढून घेतं."

मी म्हणाले, "तुला जहाजावरचं माहीत. तिथला टर्बो माणसाएवढा असतो."

"माणसाएवढा असतो, पण समजूतदार असतो."

प्रवासी हसले. वडीलही हसले.

"एवढ्यासाठी ब्लॉक?" असे हवालदारांनी विचारले. त्याच फेरीत त्याने नऊ महिन्यांसाठी जात असल्याचे सगळ्या गाडीला एकदम सांगितले. मला वेगळे सांगितले नाही. ही बाब प्रकरणाशी संबंधित नाही.

गाडी ठाण्याच्या आवारात आणल्यावर मी परवानगी घेऊन बॉनेट उघडले. टर्बोला तेलाच्या नळीखेरीज पाण्याच्या दोन नळ्या जोडलेल्या आहेत. आजवर मी त्या हीटरच्या समजत होते. सबब, सर्वेशचे म्हणणे बरोबर आहे. मोठा चढ चढून लगेच गाडी उभी केल्यास इंजिन थोडा वेळ चालू ठेवावे. बाजारात त्याची गरज नाही. मी हे वडिलांना तेथेच सांगितले. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे गो बाय. तू शिकून सांगितलंस, आम्ही थांबतो मिनिटभर. आता सवय झाली." मी त्यांना पुन्हा समजावले नाही. चावी मात्र यापुढे खिशात ठेवतो असे म्हणाले. इंजिन चालू ठेवून चावी खिशात कशी ठेवणार, हे त्यांना घरी गेल्यावर विचारणार आहे.

सर्वेशचा नंबर ब्लॉकमधून काढला आहे. हे कोणी विचारलेले नाही.

सबब, सर्वेश आडिवरेकर याच्याविरुद्ध गाडीबाबत माझी व माझ्या घरच्यांची काहीही तक्रार नाही. वडील तसे वेगळे लिहून देत आहेत. 'गाडीबाबत' कशाला, 'काहीही तक्रार नाही' एवढे पुरे, असे हवालदारांनी सुचवले. मी शब्द राहू द्यावा असे सांगितले. मग दुसरी कसली तक्रार आहे, असे विचारले असता, ती तो बंदरावरून फोन करील तेव्हा त्यालाच सांगेन, असे मी उत्तर दिले.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. जरुरीपेक्षा बऱ्याच मोठ्याने वाचला, त्यामुळे तो बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू गेला. मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे, 'गाडीबाबत' हा शब्द धरून.

समक्ष : हवालदार संदेश रेवाळे
(सही) मनस्वी लवू डोर्लेकर