गाळलेला ठिपका

—छे हो, पळून कशाला जाईल? शेजारीण आहे माझी, दोन वर्षं रोज बघतेय पोरीला. बसा — ती नको, तिचा पाय हलतो, या खुर्चीवर बसा. तुम्ही तिच्याच ऑफिसातले, तुम्हाला काय सांगायचं, पण मला सातवी शिकलेलीला तिनं सगळं समजावलंय, बरं का. त्या नव्या तऱ्हेच्या कॉम्प्युटरवर बॅटरीतल्या पदार्थाच्या पोटातले कण कसे वागतात ते काढायचं — पण यंत्र भारी नाजूक, सारखा आपला गोंगाट, म्हणजे उत्तरात चुका घुसतात. मग ही काय करते? गोंगाट मुद्दाम वाढवते. दुप्पट, तिप्पट — दर वेळी उत्तर जेवढं बिघडेल तेवढ्यावर कागदावर ठिपका द्यायचा, आणि ठिपक्यांवरून मागे रेघ ओढत न्यायची, की गोंगाट नसताच तर काय आलं असतं. मी म्हटलं, अगं, आमच्या सासूबाईंचा राग मी असाच मोजायचे, अजून दोनदा चिडवून. काय हसली.

मग हसायची बंदच झाली. मी काही कान लावत नाही, पण भिंत पातळ, ऐकू येतंच ना — फोनवर साहेबांना म्हणत होती, तुम्ही एक ठिपका गाळलात म्हणून रेघ सुंदर आली, पण कणांची ऊर्जा कमीत कमी जेवढी असते, त्या तळाच्याही खाली उत्तर गेलंय, असं होऊच शकत नाही. या आकड्यावर बॅटऱ्या बनवाल, त्या लोकांच्या घरात पेटतील. उद्याच्या सभेत सगळ्यांसमोर सांगणार आहे ती. मूळ कागद? तिच्याजवळच. तेवढेच उरलेत, यंत्रातलं सगळं कुणीतरी पुसलं म्हणे. सभेपर्यंत माझ्या धाकट्या बहिणीकडे ठेवलंय मी तिला — पुलाजवळ, शिंप्याच्या दुकानावरची खोली, जिना मागून आहे. बहीण दिवसभर कामावर, त्यामुळे कसलाही त्रास नाही, अगदी एकटी, निवांत.

पेन हवंय? घ्या ना. पत्ता कशाला पण — उद्या येणारच आहे की ती. आणि एक विचारू? रागावू नका. मघापासून कागदांचंच चाललंय तुमचं. पोर बरी आहे का, जेवली का, एकदा तरी विचारलंत?

अहो, मी चुकीचं सांगितलं. बहिणीनं घर बदललं, पूल नव्हेच तो. माझं मेलीचं डोकंच ठिकाणावर नसतं. बसा ना, चहा टाकते — थांबा, अहो, चहा तरी—