आयपीची बेरीज नऊ

गाडीच्या नंबरची बेरीज नऊच यायला हवी म्हणून हटून बसणारे तुम्ही पाहिले असतील. आमच्या आप्पांनी तो हट्ट कॉम्प्युटरपाशी धरला! नाशिकला गल्लोगल्ली सायबर कॅफे निघत होते, तेव्हाची गोष्ट. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून रिटायर झालेल्या आप्पांनी नाशिकरोडला चार कॉम्प्युटरचा कॅफे टाकला. नेटवर्क जोडलं मी. उद्घाटनाचे पाहुणे दारात आले आणि मशीनं एकमेकांना ओळखेनात! बघतो तर चौघांचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, एकच, १९२.१६८.१.८.

"सकाळी मीच बदलला," आप्पा म्हणाले. "आकड्यांची बेरीज छत्तीस, म्हणजे नऊ. शुभ असतं."

"अहो आप्पा, गल्लीतल्या चारही घरांना एकच नंबर दिलात, तर पोस्टमन जाईल कुठे?"

"मग वेगळे दे. पण बेरीज नऊच आली पाहिजे."

वाद घालायला वेळ कुठे होता? पत्त्यातल्या शेवटच्या आठच्या जागी चौघांना ८, १७, २६, ३५ असे आकडे टाकले. सगळी मशीनं सुरू!

आप्पांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि हे २५५.२५५.२५५.० काय?"

"सबनेट मास्क. पत्त्यातली गल्ली कुठे संपते आणि घराचा नंबर कुठून सुरू होतो, ते यावरून कळतं. त्याला मात्र हात लावू नका. आपल्यासारख्या छोट्या नेटवर्कला जगभर हाच असतो."

आप्पा बोटांवर मोजत राहिले.

"छत्तीस," ते पुटपुटले. चपला काढल्या आणि मॉनिटरला हात जोडले.

मला हसू फुटणारच होतं. तेवढ्यात मीही मनात बेरीज केली.

आणि चपला काढल्या.