साळूबाईचं तिसरं बोलणं

मंडळी, जरा सावरून बसा. एक प्रश्न विचारतो. एखादी गोष्ट तुम्हाला पक्की ठाऊक आहे – आणि तरी सांगताना तुम्ही ‘बहुतेक’ म्हणता, ‘वाटतं’ म्हणता, ‘माझं आपलं उगीच’ म्हणता. ही नम्रता झाली, का खोटं बोलणं झालं? लगेच उत्तर नको. आधी साळूबाईचं काय झालं ते ऐका.

करंजवडी नावाचं गाव. देवळाच्या शिखराची शेवटची शिळा चढवायची होती. केवढी शिळा? बसल्या म्हशीएवढी! वर कप्पी, कप्पीतून दोर, दोर ओढायला वीस गडी. आणि शिळा भिंतीवर आपटू नये म्हणून खालून काठ्यांनी सांभाळणारे चौघे, अगदी तिच्याखाली उभे. त्यातला एक राघू – कामाचा मुख्य जो येसू गवंडी, त्याचा सख्खा भाऊ.

साळूबाई गावाच्या कडेला राहायची, घायपाताच्या पानांचा वाख, म्हणजे चिवट धागा, काढून दोर वळायची. हा दोरही तिनंच वळलेला, दोन वर्षांमागं. देवळाचा दोर वळायचा तिनं, पण देवळाच्या ओट्यावर पाय ठेवायचा नाही. हो, असंच होतं तेव्हा. ती आपली लांब उभी.

गड्यांनी दोर तिच्या समोरून ओढत नेला, आणि तिला वास आला. आंबूस, ओल्या पोत्यासारखा. दोराचं टोक मागं रेंगाळत होतं, तिनं खाली बसून पीळ उकलला. वरून पिवळाधमक, आतून काळा. वाख बोटांत चुरला, भुकटी झाली. मागचा सबंध पावसाळा हा दोर कोठारात गळतीखाली पडला होता.

आता सांगायला हवं. पण कसं? मुहूर्त जवळ आलेला, जोशीबुवा सूर्याकडे बघतायत, पाटील घामाघूम. मुहूर्ताचं आणि जावयाचं सारखंच, मंडळी – आला की सगळं घर धावतं, ऐकायला कुणी मोकळं नसतं.

तिनं ओट्याखालून हाक दिली. “पाटील, माझं आपलं उगीच… पण दोर जरा, म्हंजी बहुतेक, खराब झालाय का काय, असं वाटतंया.”

पाटील वळलेसुद्धा नाहीत. “बघू, बघू.”

तुम्ही थांबला असता? खरं सांगा. एका वाक्यात पाच पळवाटा! तिला वाटलं, आपण सांगितलं. पाटलांना वाटलं, बाई काहीतरी पुटपुटली.

मग येसू ओट्याखाली उतरला, तशी ती त्याच्याकडे गेली. “येसूदादा, चुकत असंन तर माफ करा, मला बाईमाणसाला काय कळतंय. दोराकडं एकवार बघता का?”

येसू हसला. “साळूबाई, तुझाच दोर आन् तुलाच भ्याव?” आणि परत ओट्यावर गेला.

ती परत जागेवर आली. मन म्हणालं, दोनदा सांगून झालं, आता दोष आपला नाही. मन असली समजूत फार पटकन घालतं. पण डोळे राघूवरून हलेनात. तो काठी टेकून, मान वर करून उभा. ढोल सुरू झाला. वीस जोड हात दोराला लागले.

साळूबाईनं स्वतःला विचारलं – दोर कुजलाय, असं मला वाटतंय का? नाही. मी बघितलाय.

ती ओट्याची पायरी चढली. लोक बघत राहिले. आवाज काही मोठा नव्हता तिचा.

“येसूदादा, दोर आतून कुजलाय. मी वळलाय, मी उकलून बघितलाय. राघूला बाजूला घ्या.”

येसूचा हात वर गेला. ढोल थांबला.

“किती तग धरंल?”

“ते मला ठाऊक न्हाई. कुजलाय, ते ठाऊक हाय.”

ठाऊक नव्हतं ते तिनं सरळ ‘नाही’ म्हटलं, म्हणून उरलेल्या शब्दाला वजन आलं. येसूनं चौघांना लांब काढलं. पाटील ओरडले, मुहूर्त टळतोय. येसू म्हणाला, “पाटील, भाऊ माझा हाय. आधी खाली कुणी नसताना वढून बघू.”

गड्यांनी ओढलं. शिळा कमरेएवढी वर गेली, आणि दोर तुटला. खालची फरशी उभी चिरली. मघाशी राघू तिथंच उभा होता.

पाटील साळूबाईकडे वळले. “अगं, मग आधीच का नाही सांगितलंस?”

साळूबाई म्हणाली, “दोनदा सांगितलं, पाटील.”

शिळा पुढं दोन महिन्यांनी चढली, साळूबाईच्याच नव्या दोरावर.

आता मागं बसलेल्या आयाबहिणींनो, पाहिलं असेल तर ‘पाहिलं’ म्हणा. ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही’ म्हणा. मधलं पुटपुटणं सोडा. एवढं सांगून मी मोकळा झालो असतो. पण ते ‘बहुतेक’ तिच्या तोंडात घातलं कुणी? जन्मभर तिला ओट्याखाली उभं कुणी केलं? पुढं बसलेल्या मंडळींनो, हे तुमच्यासाठी आणि माझ्यासाठी. तुमची सून, तुमचा गडी, तुमची धाकटी लेक – आज घरी जा आणि विचारा त्यांना. तुम्हाला दोनदा सांगून गप्प बसलेलं कुणीतरी तिथं असेल.